‘पर्यंत’ म्हणजे ‘बाय’ की ‘टिल’?

स्मृति नगर, भिलाई.

एन.सी.सी.ची पोस्टिंग निघाली की पलटणीतले लोक हसून म्हणतात, “साहेब, मजा आहे. आता तीन वर्षं कॉलेजच्या पोरांना ‘दाहिने मुड’ शिकवा.” मजा आहे हे खरं. फक्त इथे कँटोन्मेंट नाही, फॅमिली क्वार्टर नाही, घर स्वतः शोधावं लागतं. मला ते भिलाईच्या स्मृति नगरात मिळालं. घरमालक मराठी निघाले. त्यांचे वडील वर्ध्याकडून पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी इथे आले होते. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या काळात देशभरातून माणसं इथे आली, त्यात आपलीही. तसं पाहिलं तर १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे इथे मराठी ऐकू आली की परक्या मुलखात आल्यासारखं वाटत नाही.

या घराच्या पुढच्या खोलीत गेलं वर्षभर रविवारी सकाळी एक वर्ग भरतो. वर्ग म्हणजे सहा खुर्च्या, एक पांढरा फळा आणि काकूंचा दोन वेळचा चहा. दोन कॅडेट सी.डी.एस.ची तयारी करतात, त्यांतली एक मुलगी आहे आणि तिला चेन्नईच्या ओ.टी.ए.ला जायचं आहे. घरमालकांची मुलगी बँकेची परीक्षा देते. आणि एक आमचाच माणूस आहे, सतरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनवर आलेला. सासर इथलं, म्हणून इथेच स्थायिक झाला. त्यालाही बँकेत लागायचं आहे.

मी काही इंग्रजीचा मास्तर नाही. खटावकडच्या झेडपी शाळेत शिकलो, इंग्रजी पाचवीपासून. पण फौजेत वीस-बावीस वर्षं सिग्नल, रिटर्न, मूव्हमेंट ऑर्डर लिहिल्या आणि वाचल्या. एखादा शब्द चुकला की काय होतं ते पाहिलं आहे. तेवढ्याच भांडवलावर मी शिकवतो.

आजचा विषय त्या परीक्षांमधल्या ‘सेंटेन्स करेक्शन’चा आहे. एक वाक्य देतात, त्यातला एक तुकडा अधोरेखित असतो, खाली चार पर्याय असतात, त्यांत एक ‘नो इम्प्रूव्हमेंट’. वाचणाऱ्याला वाटेल, यात ब्लॉगवर लिहिण्यासारखं काय आहे? थोडा हिशेब सांगतो. सी.डी.एस.च्या इंग्रजीच्या पेपरात १२० प्रश्न आणि १०० गुण. चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांतला एक तृतीयांश कापतात. ओ.टी.ए.साठी लेखी परीक्षेत फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असतं, म्हणजे २०० पैकी १०० गुण इंग्रजीचेच. बँकेच्या क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे, चुकीला पाव गुण वजा. आमच्या हवालदारांचं मागच्या वेळी एका गुणाच्या आतच हुकलं. माजी सैनिकांसाठी राखीव जागा आहेत, पण पेपर वेगळा नसतो. सतरा वर्षं ज्याने सीमेवर काढली, त्याच्या घरचा पुढचा वीस वर्षांचा खर्च अशा दोन-तीन प्रश्नांवर अडकतो. म्हणून लिहितो आहे.

मी हवालदारांना विचारलं, “दादा, उत्तर कसं निवडता?”

ते म्हणाले, “साहेब, खरं सांगू? कानाले जे बरं वाटलं, तेच मारलं.”

ओ.टी.ए.वाली कॅडेट म्हणाली, “सर, मी रूल्स पाठ केलेत. दीडशे आहेत.”

आपल्याकडे मुलांना हे दोनच रस्ते माहीत आहेत, आणि दोन्ही अर्धवट आहेत. कानाला बरं वाटणं ही ज्याच्या घरी इंग्रजी बोललं जातं त्याची मिळकत आहे. आपल्या कानाला मराठी आणि हिंदी वळणाचं इंग्रजी बरं वाटतं, आणि पेपर काढणारा नेमका तोच सापळा लावतो. दुसरीकडे, पाठ केलेले नियम गर्दीत साथ सोडतात. काही नियम तर मुळात नियमच नसतात. दोघांत ‘ईच अदर’, दोघांपेक्षा जास्त असतील तर ‘वन अनदर’, हा नियम आपल्या प्रत्येक गाइडमध्ये आहे. इंग्रजीच्या वापराचा जाणकार मानला जाणाऱ्या फाउलरने १९२६ सालीच आपल्या कोशात या भेदाला आधार नाही असं म्हटलं होतं. जवळपास शंभर वर्षं झाली आणि आपली मुलं त्यावर अजून गुण घालवतात.

तिसरा रस्ता मी फौजेत शिकलो, तोही स्वतःची चूक करून.

तेव्हा मी नाईक होतो. डोंगरातली पोस्टिंग. कंपनी क्लार्क सुट्टीवर गेला होता आणि त्याचं काम माझ्याकडे आलं. वरच्या पोस्टवरून सुट्टीची पार्टी खाली उतरणार होती. तिला न्यायला दोन गाड्या ट्रान्झिट कॅम्पला सहापर्यंत पोहोचणार होत्या. मी सिग्नल लिहिला, “टू व्हेइकल्स विल बी ॲट ट्रान्झिट कॅम्प टिल १८०० अवर्स.” माझ्या डोक्यात मराठी वाक्य होतं, गाड्या सहापर्यंत तिथे असतील. वर ज्याने वाचला त्याने त्याचा बरोबर अर्थ घेतला, गाड्या सहा वाजेपर्यंतच थांबतील. बर्फामुळे पार्टीला उशीर झाला. सहा वाजून गेले तेव्हा ती अजून बरीच वर होती. गाड्या निघून गेल्या असणार, अंधारात खाली जाऊन उघड्यावर थांबण्यात अर्थ नाही, असा विचार करून पार्टी कमांडरने जवानांना परत फिरवलं. खाली गाड्या रात्री नऊपर्यंत उभ्या होत्या.

कोणाला इजा झाली नाही. पण एक दिवस गेला, जम्मूची गाडी चुकली, आणि त्या पार्टीतला एक जवान धाकट्या बहिणीच्या लग्नाला दुसऱ्या दिवशी पोहोचला. वरात निघून गेली होती. कंपनी कमांडर साहेबांनी मला बोलावलं, ओरडले नाहीत. कागदावर तीन शब्द लिहिले, बाय, ॲट, टिल. म्हणाले, “तिन्हीचा अर्थ मला मराठीत सांग.” मी सांगायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं, पहिल्याला आणि तिसऱ्याला माझ्याकडे एकच शब्द आहे, पर्यंत.

सहापर्यंत पोहोचा. सहापर्यंत थांबा. मराठीत गोंधळ होत नाही, कारण क्रियापद सांभाळून घेतं. ‘पोहोचा’ म्हटलं की ती मुदत झाली, ‘थांबा’ म्हटलं की तो कालावधी झाला. इंग्रजी हे काम क्रियापदावर सोडत नाही, आधीच वेगळा शब्द मागते. म्हणून ‘शुक्रवारपर्यंत रिटर्न पाठवा’ याचं आपण ‘सेंड द रिटर्न टिल फ्रायडे’ करतो आणि परीक्षेत तेच वाक्य बरोबर वाटून पुढे जातो.

‘पासून’चंही तसंच. सकाळपासून, दोन वर्षांपासून. मराठीत दोन्ही ठिकाणी एकच प्रत्यय. इंग्रजीत सकाळ हा सुरुवातीचा क्षण, म्हणून ‘सिन्स’, आणि दोन वर्षं ही लांबी, म्हणून ‘फॉर’. हिंदीत ‘सुबह से’ आणि ‘दो साल से’ असल्यामुळे भिलाईतल्या मुलांचीही हीच चूक होते. ‘आय ॲम हिअर सिन्स टू इयर्स’ हे वाक्य मी या वर्गात जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा परेडवर ‘सावधान’ही ऐकलं नसेल.

आणखी एक जागा पाहा. ‘रस्त्याने जाताना झाड पडलं’ हे मराठीत चालतं. जाणारा आपण, पडणारं झाड, कोणी विचारत नाही. हेच शब्द तसेच इंग्रजीत नेले, ‘वॉकिंग डाऊन द रोड, अ ट्री फेल’, की झाडच रस्त्याने चालायला लागतं. परीक्षेत अशा वाक्याला हमखास जागा असते. मात्र मराठीतल्या ‘जेवून तो झोपला’ या वाक्यात जेवणारा आणि झोपणारा एकच असावा लागतो. म्हणजे हा नियम आपल्याला परका नाही. ‘जाताना’त आपण मोकळीक घेतो, ‘जेवून’मध्ये घेत नाही, एवढंच. मुलांना हे असं सांगितलं की डोळे चमकतात. ‘डँगलिंग मॉडिफायर’ हे नाव पाठ करून चमकत नाहीत.

म्हणून माझ्या वर्गात पहिली शिस्त ही आहे की पर्याय वाचण्याआधी वाक्य कोणाबद्दल आहे, काय घडलं आणि कधी, ते आपल्या भाषेत सांगायचं. पर्याय त्यानंतर. मराठी माध्यमातून आल्याची लाज वाटायचं कारण नाही. काही बाबतींत मराठी इंग्रजीपेक्षा जास्त काटेकोर आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत समोरचा धरला की वगळला हे लगेच कळतं, इंग्रजीच्या ‘वुई’मधून ते कळत नाही.

आता गोष्ट त्या रविवारची, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

एका सराव पुस्तिकेतलं वाक्य होतं, “द कमांडर ओन्ली चेक्ड द रायफल्स ऑफ बी कंपनी.” ‘ओन्ली चेक्ड’ अधोरेखित. पुस्तिकेचं उत्तर होतं ‘चेक्ड ओन्ली’. ओ.टी.ए.वाल्या कॅडेटने ‘नो इम्प्रूव्हमेंट’ निवडलं होतं आणि ती हटून बसली होती.

मी म्हटलं, फळ्यावर मराठीत लिही. तिने लिहिलं.

कमांडरने बी कंपनीच्याच रायफली तपासल्या. म्हणजे ए आणि सी कंपनीच्या नाही.

कमांडरने बी कंपनीच्या रायफलीच तपासल्या. म्हणजे एल.एम.जी. आणि मोर्टार नाही.

कमांडरने बी कंपनीच्या रायफली फक्त तपासल्या. म्हणजे जमा करून घेतल्या नाहीत, दुरुस्तीला पाठवल्या नाहीत.

‘च’ हा आपला एका अक्षराचा जवान. ज्याच्या मागे उभा राहील त्यालाच पहारा देतो. इंग्रजीचा ‘ओन्ली’ लांबून पहारा देतो, म्हणून घोळ होतो.

तिने फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सर, तिसरा अर्थ असेल तर माझं उत्तर बरोबर आहे. आणि पुस्तिकेचं उत्तर घेतलं तरी पहिला अर्थ की दुसरा, हे कुठे कळतं?”

मी उत्तर दिलं नाही, कारण तिचं बरोबर होतं. कमांडरने त्या दिवशी काय केलं हे आपल्याला कोणी सांगितलेलंच नाही. मग वाक्य सुधारायचं ते कशाच्या आधारावर?

माझं म्हणणं इथेच आहे. व्याकरणाची उघड चूक असेल, ‘ही गो’ किंवा ‘सिन्स टू इयर्स’, तर प्रसंग माहीत असण्याची गरज नाही, चूक ती चूक. पण ज्या प्रश्नात दोन्ही वाक्यं व्याकरणाने उभी राहतात आणि फरक फक्त अर्थाचा असतो, तिथे कोणता अर्थ हवा आहे हे पेपर काढणाऱ्याने सांगितलंच पाहिजे. एक ओळ पुरेल. ‘कमांडरने इतर कंपन्यांच्या रायफली पाहिल्या नाहीत. हे सांगणारं वाक्य निवडा.’ मग ती परीक्षा खरोखर अचूक शब्द निवडण्याची होईल. ती ओळ नसेल तर उमेदवाराने काय केलं पाहिजे? पेपर काढणाऱ्याच्या मनात काय होतं याचा अंदाज. हे इंग्रजी नव्हे, हे भविष्य सांगणं झालं, आणि चुकलं तर गुण कापायचे.

मी काही नवीन मागत नाही. कानपूर विद्यापीठाविरुद्ध समीर गुप्ता या १९८३ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं होतं, की पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत संदिग्ध अर्थाचे प्रश्न येऊ नयेत याची काळजी घ्या आणि पेपर काढणाऱ्यांनी दिलेली उत्तरं तपासण्याची व्यवस्था करा. त्याच निकालात हेही आहे की उत्तरतालिका बरोबर मानून चालायचं, ती चूक असल्याचं स्पष्ट दाखवता आलं तरच हात लावायचा. २०१७ च्या अखेरीस रणविजय सिंह प्रकरणातही न्यायालयाने सांगितलं की शंका असेल तर फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला. कायद्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे, नाहीतर कोणतीच भरती पूर्ण होणार नाही. पण शंकेचा फायदा जिला मिळतो, त्या संस्थेवर शंका न ठेवण्याची जबाबदारीही जास्त येते. उमेदवाराने कोर्टात जाण्यापेक्षा पेपर काढणाऱ्याने एक ओळ जास्त लिहिणं स्वस्त आहे.

कोणी म्हणेल, मग हे प्रश्न काढूनच टाका. एम.बी.ए.च्या प्रवेशासाठी जगभर दिल्या जाणाऱ्या जीमॅटने ते केलंही. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपात सेंटेन्स करेक्शन नाही. मला ते पटत नाही, निदान आपल्या परीक्षांसाठी तरी नाही. ज्याला उद्या ऑपरेशन ऑर्डर लिहायची आहे किंवा बँकेत कर्जाचा कागद समजावून द्यायचा आहे, त्याला ‘टिल’ आणि ‘बाय’मधला फरक आलाच पाहिजे.

आपल्या पेशात हे सगळ्यांना माहीत आहे. रेडिओ सेटवर नवा माणूस ‘रिपीट’ म्हणाला की उस्ताद पाठीत धपाटा घालतो. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं, कारण तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे तोच मारा पुन्हा करा. ऑर्डरमध्ये ‘विल’ लिहिलं की तो हुकूम, तिथे ‘शुड’ लिहून चालत नाही. शब्दाला एकच अर्थ असावा म्हणून पिढ्यान् पिढ्या ही शिस्त पाळली गेली आहे, आणि ती कशातून आली हे समजायला बालाक्लावाचं उदाहरण पुरतं.

२५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियाचं युद्ध. लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर होते. तिथून त्यांना शत्रू काबीज केलेल्या तोफा ओढून नेताना दिसत होता. त्यांनी घोडदळाला हुकूम पाठवला, पुढे जा आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. हुकुमात शब्द होते ‘द गन्स’. खाली दरीत उभ्या असलेल्या लॉर्ड लुकनना त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्यांनी विचारलं, कोणत्या तोफा? हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने हात दरीच्या दिशेने उडवला. दरीच्या टोकाला रशियन तोफखाना मांडून बसला होता. लाइट ब्रिगेडचे सुमारे ६७० स्वार सरळ त्यावर चालून गेले. शंभरहून जास्त मेले, त्याहून जास्त जखमी झाले. नोलन सुरुवातीलाच पडला, त्यामुळे तो नक्की काय म्हणाला होता हे विचारायलाही कोणी उरलं नाही.

आपल्या मुलांना ‘अ’ आणि ‘द’ हे वाक्यातले शोभेचे शब्द वाटतात, कारण मराठीत ते नाहीत. ‘द’ म्हणजे काय? मला आणि तुला, दोघांनाही माहीत असलेली ती. रॅग्लनना माहीत होती, लुकनना नव्हती. आता आर्टिकलचा प्रश्न आला की मी वर्गात एवढंच विचारतो, “ऐकणाऱ्याला दिसतंय का?”

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर जानेवारी १९९० मधलं एव्हियांकाचं विमान घ्या. न्यूयॉर्कवर इंधन संपत आलं होतं. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपत असल्याचंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. त्यांच्या मनात दोन्हींचा अर्थ एकच असेल, टॉवरसाठी नव्हता. विमान कोसळलं, ७३ माणसं गेली.

या गोष्टी सांगितल्यापासून वर्गातलं वातावरण बदललं आहे. हवालदार आता उत्तर निवडायच्या आधी डोळे मिटून मराठीत पुटपुटतात. परवा ‘टिल’चा प्रश्न आला तेव्हा म्हणाले, “साहेब, इथं पोहोचाचं आहे, थांबाचं नाही. बाय मारतो.” बरोबर होतं. वेळ जास्त लागतो, वीस मिनिटांत तीस प्रश्न या हिशेबात अजून ते बसत नाहीत, पण चुका कमी झाल्या आहेत. पुढची परीक्षा जवळ आली आहे, आणि त्यातलाही एखादा प्रश्न त्या बी कंपनीच्या रायफलींसारखा निघाला तर त्यांच्या मेहनतीला इलाज नाही. तिथे मेहनत दुसऱ्या बाजूने व्हायला हवी.

कॅडेटने ती पुस्तिका परत केली नाही. त्या प्रश्नासमोर पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, ‘कमांडरला विचारावं लागेल.’

निवृत्त साहेब लोकांना आणि जवानांना एक विनंती. तुमच्या नोकरीत एका शब्दाने घोळ झालेला एखादा सिग्नल, एखादी ऑर्डर आठवत असेल तर जरूर कळवा. युनिटचं नाव नको, फक्त ते वाक्य आणि नंतर काय झालं ते. रविवारी फळ्यावर घेईन.

जय हिंद.